तुझ्या दारापुढचा बाक

प्रमिला,

तुझ्या खोलीबाहेर आता बाक आला आहे. नवा नाही, स्टाफरूममधलाच जुना, एक पाय डुगडुगणारा. तो ठेवायला मीच सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच तुला सांगते आहे, कारण या एका बाकावरून आपण जेवढं भांडलो तेवढं दुसऱ्या कशावरूनही भांडलो नाही.

शोकसभा व्यवस्थित झाली. खुर्च्या, सतरंज्या, माईक, फोटोचा हार, बोलणाऱ्यांचा क्रम, सगळं मी पाहिलं. संस्थेचे सचिव बोलले, विद्यापीठातून आलेले एक गृहस्थ बोलले, तुझ्या भावाला बोलवेना म्हणून तो नुसता हात जोडून उभा राहिला. मलाही बोलायचा आग्रह झाला, पण व्यवस्था बघायची आहे असं सांगून मी मागेच थांबले. खरं कारण वेगळं होतं. सगळे तुझ्याविषयी चांगलं बोलत होते आणि मला तुझ्यावर रागवायचं होतं. शोकसभेत तशी सोय नसते.

तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आपली ओळख एम.एड.च्या संध्याकाळच्या वर्गातली. दिवसा शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी सायकलवरून वर्गाला यायचं, हे दोघींचं सारखंच. वर्गात बायका मोजक्याच, म्हणून शैक्षणिक प्रशासनाच्या प्रात्यक्षिकाला सरांनी आपली जोडी लावून दिली. काम साधं होतं. एखाद्या शाळेत आठवडाभर बसायचं, मुख्याध्यापक कारभार कसा चालवतात ते पाहायचं आणि अहवाल लिहायचा. सगळे तो एकाच पद्धतीने लिहीत. मुख्याध्यापकांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून घ्यायची, फायली चाळायच्या, शेवटी मोठ्या कागदावर तक्ता काढायचा. मीही काढला. वर संस्था, खाली मुख्याध्यापक, त्याखाली पर्यवेक्षक, शिक्षक, कारकून, शिपाई. चौकटी पट्टीने आखलेल्या, रेघा दोन रंगांच्या. अजून वाटतं, तक्ता चांगला होता.

तू पहिल्या दिवशी आत आलीस, नमस्कार केलास आणि बाहेर जाऊन शिपायाच्या शेजारी स्टुलावर बसलीस. आठवडाभर तिथेच. तुझ्या अहवालात तक्ता नव्हता. दाराबाहेर कोण किती वेळ उभं राहिलं आणि कोण न थांबता आत गेलं, एवढंच होतं. ज्यांच्या दुकानातून शाळेला कागद यायचा ते शेटजी आले की पडदा वर. फी माफ करून घ्यायला आलेली बाई मात्र मधल्या सुट्टीपर्यंत बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून, आणि मग शिपाई तिला सांगणार, साहेब जेवायला गेले, उद्या या.

सरांनी तो सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवला. हा अहवाल नाही, हे गाऱ्हाणं आहे, म्हणाले. वर्ग हसला. तू हसली नाहीस. सायकली हातात धरून आपण फाटकाबाहेर आलो तेव्हा मीच तावातावाने म्हटलं की सरांनी असं करायला नको होतं.

‘नाही वं शैले, सराचं बरोबर आहे,’ तू म्हणालीस. ‘ज्याले कधी दारात उभं राहावं लागलं नाही, त्याले ते प्रशासन वाटणारच नाही.’

मी म्हटलं, पण सगळ्यांनाच सरळ आत सोडलं तर मुख्याध्यापकाने काम कधी करायचं?

‘हेच तं काम आहे.’

तिथे जो वाद सुरू झाला तो संपायचाच राहिला.

अभ्यासाची आपली एक रीत होती. लायब्ररीतून पुस्तक एकच मिळायचं. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने हातातलं घरकाम करत ऐकायचं आणि पटलं नाही तिथे अडवायचं. आधी तू धरमपेठेत माझ्या घरी यायचीस. मी कणीक मळायची, तू वाचायचीस. माझ्या सासूबाई तुला कधी वाकडं बोलल्या नाहीत. फक्त आधी बाहेरच्या खोलीत बसवायच्या, आणि स्वयंपाकघरातलं काहीतरी आवरेपर्यंत तुला आत यायला सांगायच्या नाहीत. ते आवरणं रोज असायचं. एकदा पुस्तक मिटून तू अगदी सहज म्हणालीस, ‘तुह्या घरी पण बाक आहे वं. दिसत नाही एवढंच.’

दुसऱ्या दिवसापासून मी इंदोऱ्याच्या वस्तीत तुझ्या घरी यायला लागले. तुझी आई मला पहिल्याच दिवशी थेट चुलीपाशी पाटावर बसवून मोकळी झाली. तिच्या अंबाडीच्या भाजीवर आणि ज्वारीच्या भाकरीवर मी एम.एड. झाले, हे माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही. तुझे बाबा गिरणीतून आले की दाराशी बसून आपलं वाचन ऐकायचे. संघटन, नियंत्रण, समन्वय असले शब्द कानावर पडले की विचारायचे, यातलं मजुराच्या कामाचं काय आहे? छप्पन साली ते तुम्हा सगळ्यांना धम्मदीक्षेला घेऊन गेले होते. ती गोष्ट तू नेहमी हसत सांगायचीस. खांद्यावर घेण्याइतकी तू लहान राहिली नव्हतीस आणि डोक्यांवरून पाहण्याइतकी उंच झाली नव्हतीस, म्हणून दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं आलं.

पुढे तू शिक्षण महाविद्यालयात आलीस, तुझ्या मागोमाग मी आले. तुझी पीएच.डी. झाली, माझी राहिली. तू प्राचार्या झालीस आणि मला उपप्राचार्य करून घेतलंस, कारण, तुझ्याच शब्दांत, ‘कोणीतरी रेघा आखणारं पाहिजे ना.’

खुर्चीत बसल्याच्या पहिल्या दिवशी तू एकच हुकूम काढलास. दाराबाहेरचा बाक उचलून मुलींच्या खोलीत नेऊन ठेवा. शिपाई वासुदेवभाऊंनी विचारलं, मग येणारे बसतील कुठं? आत, तू म्हणालीस. दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं गेलं आणि त्या दिवसापासून तुझ्या खोलीचा सीताबर्डीच्या बाजारातला रस्ता झाला. रजेसाठी प्राध्यापक, फीच्या सवलतीसाठी मुलीचे वडील, चुलतभावाला प्रवेश मिळेल का विचारणारा कोणीतरी, कँटीनवाला, सगळे एकदम आत आणि सगळे एकदम बोलणार. सचिव एकदा आले तेव्हा सगळ्या खुर्च्या टाकळीकडून आलेल्या पालक बायांनी भरल्या होत्या. त्यातली एक त्यांना म्हणाली, उभे राहा ना भाऊ थोडा वेळ, आमचं होतच आलं. तू ओठ दाबून हसलीस. सचिव ते कधी विसरले नाहीत.

सहीचे कागद मी चहाच्या कपांखालून काढायचे. विद्यापीठाला जायची माहिती माझ्या टेबलावर तयार व्हायची, कारण तुझ्या टेबलावर कोणाची तरी पिशवी असायची. मी तुला किती वेळा म्हटलं, भेटीची वेळ ठरव, तीन ते चार. त्या वेळात कोणीही येऊ दे.

‘आणि अडीचले आला तो?’

‘तो अर्धा तास बसेल. अर्धा तास बसल्याने कोणी मरत नाही, प्रमिला.’

‘मरत नाही वं. पण लहान होते माणूस.’

यावर मला कधी उत्तर सुचलं नाही. तरी वेळ ठरवायला हवी होती, हे माझं मत बदललं नाही. आजही बदललेलं नाही.

एम.एड.चा शनिवार-रविवारचा वर्ग ही तुझी सगळ्यात चांगली गोष्ट, हे मात्र मी भांडताना कबूल करायचे नाही. खेड्यांतले शिक्षक, मुख्याध्यापक एस.टी.ने यायचे, कोणाच्या तरी नात्यात मुक्काम करायचे आणि प्रशासन शिकायचे. वर्गाच्या पहिल्या दिवशी तू त्या सगळ्या मुख्याध्यापकांना कारण न सांगता दाराबाहेर उभं ठेवायचीस. आधी ते गप्पा मारत, मग घड्याळ बघत, मग चिडत. एकेकाला नावाने आत बोलावून तू म्हणायचीस, आता बाहेर काय वाटलं ते लिहा. दरवर्षी एखादा तरी रुसून निघून जायचा आणि त्याची समजूत काढायला मला पाठवायचीस.

नरखेडकडच्या एका खेड्यातले धोटे सर तेवढे हसले होते. ‘मॅडम, हे मले काय शिकवता,’ ते म्हणाले. ‘मी मुख्याध्यापक आहो, पण आमच्या शाळेत अध्यक्ष आत बसते अन् मीच बाहेर उभा रायतो.’ सगळा वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने तू हसलीस.

आता माझ्या रागाकडे येते.

छातीत भरून येतं असं तू पावसाळ्यापासून म्हणत होतीस. जिना चढताना मध्ये थांबायचीस आणि थांबलीस हे कळू नये म्हणून माझ्याशी काहीतरी बोलायला लागायचीस. रामदासपेठेतल्या डॉक्टरांची वेळ मी घेतली. तू पुढे ढकललीस. पुन्हा घेतली. त्या दिवशी प्रवेशाची गर्दी होती. तिसऱ्यांदा, शुक्रवारची सकाळ ठरली. बारापर्यंत डॉक्टर बसतात, कार्डिओग्राम तिथेच काढतात, रिक्षावाल्याला मी सांगून ठेवलं होतं. तू पर्स घेऊन उठलीससुद्धा. आणि उघड्या दारातून धोटे सर आत आले.

त्यांचं काम खोटं नव्हतं. प्रात्यक्षिकासाठी त्यांना दुसऱ्या शाळेत जायचं होतं आणि त्यांचे अध्यक्ष सोडायला तयार नव्हते. प्रात्यक्षिक नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष वाया. तू पर्स खाली ठेवलीस. अध्यक्षांच्या दुकानात फोन होता, तिथे ट्रंक कॉल लावलास. कॉल लागेपर्यंत धोटे सरांना चहा, मग लागला तर अध्यक्ष जेवायला गेलेले, मग पुन्हा. मी दारात उभी राहून घड्याळाकडे बोट दाखवलं. तू हाताने मला थांब म्हणालीस. ज्या दारात तू कोणालाही ताटकळू दिलं नाहीस, तिथेच त्या दिवशी मला उभी ठेवलीस. अखेर अध्यक्ष फोनवर आले, तू गोड बोललीस, मग कडक बोललीस, आणि काम झालं. धोटे सर तिथूनच मोर्शीकडच्या शाळेत प्रात्यक्षिकाला गेले. रिक्षावाला कधीच निघून गेला होता.

मी बोलले नाही तुझ्याशी. संध्याकाळी जाताना तू माझ्या टेबलाशी आलीस. ‘सोमवारी जाऊ, शैले. नक्की. काहून एवढी फुगून राहिली?’ मी कागदातून मान वर न करता म्हटलं की सोमवारची वेळ मी घेतली आहे आणि त्या दिवशी दार बंद असेल. ‘पाहू,’ तू म्हणालीस.

रविवारी सकाळी चहा घेता घेता गेलीस.

दाराबाहेर कोणी ताटकळू नये म्हणून तू आयुष्यभर भांडलीस. पण त्या खोलीत एक बाई रोज ताटकळत होती, प्रमिला, आणि ती तुझ्याच खुर्चीत बसलेली होती. तिचा नंबर तू कधी लागू दिला नाहीस. हे मला सभेत बोलता आलं नसतं.

सभेनंतरच्याच आठवड्यात सचिवांनी मला बोलावलं. कार्यभार सध्या तुम्ही घ्या, पुढे कायम करायचंही पाहू, पण एक करा, म्हणाले. ‘ते खुल्या दाराचं बंद करून टाका ना मॅडम. कॉलेज आहे, बाजार नाही. तीन ते चार वेळ ठेवा, बाकी वेळ कामाचा.’

ते माझेच शब्द होते. तुझ्यासमोर मी वर्षानुवर्षं बोललेले, तसेच्या तसे. मी नाही कशाला म्हणू? मी हुकूम टाइप करून घेतला, वीट काढली, बाक मागवला. काम सुरळीत झालं, हेही तुला सांगते. पहिल्यांदाच विद्यापीठाची माहिती मुदतीआधी गेली. आपला वाद मी जिंकले होते. पण समोर कोणी नसताना जिंकल्यावर माणसाने काय करायचं, हे एम.एड.ला नव्हतं.

मग एका सकाळी धोटे सर आले.

मला कळलं तीन वाजता. घंटा दिली, वासुदेवभाऊंनी पहिलं नाव सांगितलं आणि ते आत आले. मला त्या खुर्चीत पाहून त्यांनी खोलीभर नजर टाकली. ‘मोठ्या मॅडम नाहीत का आज?’

दारावर पाटी अजून तुझीच आहे. मोर्शीकडे त्यांना वर्तमानपत्र दिसलं नव्हतं, प्रात्यक्षिकाच्या महिन्यात शनिवार-रविवारचा वर्गही नसतो, आणि प्रात्यक्षिक संपल्याबरोबर ते पहिल्या गाडीने सरळ इथे आले होते. सकाळी दहापासून बाकावर बसले होते. ते तुलाच भेटायला बसले आहेत हे वासुदेवभाऊंना कळलं होतं, पण खरं सांगणं त्यांना जमलं नाही. तीन वाजता भेट आहे एवढंच ते सांगत राहिले, म्हणजे जे काय सांगायचं ते मी सांगावं.

मी सांगितलं. धोटे सर खुर्चीत बसले. हातात काही नव्हतं त्यांच्या, नुसती बातमी आणली होती. प्रात्यक्षिक पूर्ण झालं आणि तुझ्यासारखेच ते महिनाभर तिथल्या मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर बसले होते. ते तुला सांगायचं होतं.

म्हणाले, ‘तीन वाजेपर्यंत त्याहिले काय काय सांगायचं, तेच जमवून राहिलो होतो मी.’

मी पाणी मागवलं. त्यांनी विचारलं, त्या दिवशी तर फोनवर एवढ्या बोलत होत्या, एकदम असं कसं झालं? मी म्हटलं, हृदयविकार होता. त्यांच्या कामापायी तुझी डॉक्टरांची वेळ चुकली, हे मी त्यांना सांगितलं नाही. कधी सांगणारही नाही. ते ओझं त्यांचं नाही, तुझं आहे, आणि थोडं माझं. धोटे सरांची परतीची गाडी चुकली, म्हणून त्यांनी आमच्याकडे मुक्काम केला. माझ्या सासूबाई आता थकल्या आहेत. त्यांनी धोटे सरांना सरळ आत पानावर बसवलं.

रात्री जेवल्यावर धोटे सर तुझ्याविषयी बोलत राहिले आणि मी एकीकडे मनात तुझ्याशी भांडत राहिले. ज्या माणसासाठी तू दार उघडं ठेवलंस त्याला माझ्या हुकमाने दिवसभर बाहेर बसवलं. आणि बसवलं नसतं, तो थेट आत आला असता, तरी खोलीत तू नव्हतीसच. सगळ्यांसाठी उघडं असलेलं दार धोटे सरांच्या कामी आलं नाही, कारण आत कोणी उरलंच नव्हतं. यातलं एक तुझ्या बाजूचं आहे, एक माझ्या. दोन्ही एकदम कसं मान्य करायचं ते मला सकाळपर्यंत कळत नव्हतं.

सकाळी मी सचिवांकडे गेले. नवा हुकूम वाचून दाखवला. विद्यार्थी, पालक आणि बाहेरगावहून आलेला कोणीही, थेट आत. तीन ते चारची वेळ प्राध्यापकांसाठी, पुरवठादारांसाठी आणि संस्थेच्या मंडळींसाठी. आणि दुपारी अर्धा तास दार बंद, सगळ्यांना.

सचिवांनी चष्मा काढला. ‘म्हणजे मॅडम, मी आलो तरी तीनलेच?’

‘हो. तुम्हीही.’

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, कार्यभारासाठी दुसरंही एक नाव सुचवलं गेलं आहे, बैठकीत ठेवू, पाहू. मी म्हटलं, जरूर ठेवा. खुर्ची गेली तर मी परत माझ्या टेबलावर रेघा आखीन. मिळाली तर अशीच चालवीन. बैठक व्हायची आहे.

तुला हे पटलं नसतं, मला माहीत आहे. बाकीचं सगळं बाजूला ठेवून तू त्या अर्ध्या तासालाच धरलं असतंस. ‘आणि त्या अर्ध्या तासात कोणी आलं तं?’

या वेळी माझ्याकडे उत्तर आहे. त्या अर्ध्या तासात मी जेवीन, माझी रक्तदाबाची गोळी घेईन, खुर्चीला टेकून डोळे मिटीन. आलेला माणूस तेवढा वेळ बसेल, प्रमिला. त्याला थोडं लहान वाटेल, तेही कबूल. पण दार उघडेल तेव्हा आत कोणीतरी असेल.

तुझी,
शैला